घाई नाही

ओल्डहॅम. कौन्सिलच्या दुरुस्ती-विभागाची खोली,
बुधवार, सकाळचे साडेनऊ.
रेडिएटर एका टोकाला चटका देतो, दुसऱ्या टोकाला गार.
मी चौदा स्लाइड आणलेत
आणि बिस्किटांचे दोन पुडे,
कारण मागच्या खेपेला, बरीमध्ये, बिस्किटं नव्हती
आणि कुणी प्रश्नच विचारला नाही.

अकरा जण. हेडसेटनं केसांत पडलेली खाच
सगळ्यांची सारखी.
मी सांगते : हे यंत्र फोन ऐकेल,
सारांश लिहील, तातडी ठरवेल.
लाल, पिवळं, हिरवं.
तुम्ही फक्त तपासायचं.
'फक्त' म्हणताना माझा आवाज जरा घसरतो.

सरावासाठी एक जुना फोन लावते.
म्हातारी बाई, तिसरा मजला, बॉयलर बंद.
"घाई नाही हं बाळा, तुमच्या सवडीनं बघा."
यंत्र क्षणात लिहितं :
भाडेकरूला घाई नाही. हिरवं.
शुद्धलेखन निर्दोष.

मागून ग्लेनिस म्हणते, "लाल."
ग्लेनिस ओग्डेन, सव्वीस वर्षं याच खात्यात,
चष्मा दोरीला, दोरी मण्यांची, मणी नातीनं ओवलेले.
"लाल का?"
"सवडीनं म्हणाली, आणि फोन ठेवला नाही. ऐक परत."
ऐकते.
वाक्य संपल्यावर चार सेकंद कुणीच नाही,
मग बशीवर कप,
किण् किण् किण्.
"हात गारठलेत तिचे. तीन दिवस झाले असतील.
पहिल्या दिवशी फोन करत नाहीत ही माणसं."

शितावरून भाताची परीक्षा यंत्रालाही येते.
पण ज्या घरात चूलच पेटली नाही
तिथलं शीत कुठून आणायचं?

कायरन, पंचविशीतला, हुशार, म्हणतो,
मग नियमच घालू : 'घाई नाही' म्हणजे लाल.
घालून बघतो. दहा मिनिटांत
सगळं ओल्डहॅम लाल,
एका नळाचा वॉशरसुद्धा.
सगळे हसतात. ग्लेनिसही.
"अरे, सगळ्यांचं नाही तसं.
शॉ रोडचा तो बाबा घाई नाही म्हणतो
तेव्हा त्याला खरंच नसते. गप्पा हव्या असतात."

ही भाषा मला येते.
आमच्याकडे पानावर 'पुरे' म्हटलेलं
किती पुरे, ते वाढणाऱ्या हाताला कळतं.
आणि माझे वडील, मिरजेहून, दर रविवारी :
"तुझं बरं चाललंय ना? मग झालं. ठेव."
आणि ठेवत नाहीत.
मी त्यांचा सारांश
आठवड्यामागून आठवडा हिरवा लिहीत आले.

जेवणाच्या सुट्टीत ग्लेनिस विचारते, सरळ,
बिस्किट चहात धरून :
"ह्याला मी हे सगळं शिकवलं,
की मग मला ठेवतील?"
उत्तर नवव्या स्लाइडवर आहे,
गोल आकृतीत, हसऱ्या माणसांसह.
मी लॅपटॉप उघडत नाही.
माहीत नाही, म्हणते.
बिस्किट तुटून चहात पडतं. ती चमचा शोधते.

दुपारी स्लाइड राहिल्याच.
ग्लेनिस फोन लावत गेली, थांबवत गेली.
"इथे मूल खोकलं, दोनदा. भिंतीला ओल."
"इथे ती खोटं बोलली, बरं केलं."
"इथे. श्वास."
दहा जण लिहून घेत होते.
यंत्रही घेत होतं, कोपऱ्यात, न थकता,
श्वासाच्या जागी तीन टिंबं देत.

साडेचारला फॉर्म गोळा केले.
'आज तुम्ही काय शिकलात?'
तिथे ग्लेनिसची नुसती रेघ.
आवरताना तो सकाळचा फोन बंद करायला गेले
तर खाली बारीक अक्षरांत तारीख,
चौदा वर्षांपूर्वीचा जानेवारी.
नोंद : जी. ओग्डेन.
तातडी : नाही.

ती दारात कोट चढवत होती.
मी काय वाचतेय ते तिनं पाहिलं.
"तेव्हा मला नव्हतं ऐकू आलं," म्हणाली.
बटणं लावली, खालून वर, सगळी.
मग रेडिएटरवर हात ठेवून, गार टोकाला,
"ह्याचं उद्या लिहून घेते मी."